जेवढी रजा, तेवढीच उंची

परीक्षा आटोपल्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परत गेले आणि कचेऱ्यांतून रजेचे अर्ज फिरू लागले, की मध्यमवर्गीय घरांत प्रवासाचे बेत शिजू लागतात. एके काळी या बेतांची धाव कोकणातल्या घरापर्यंत किंवा फार तर महाबळेश्वरापर्यंत असे. आता पंचविशीतिशीतल्या तरुणांच्या तोंडी लडाखचे नाव असते, आणि तेही आगगाडीने वा विमानाने नव्हे, तर मोटारसायकलवरून. ज्या यंत्राला आपल्या वडीलधाऱ्यांनी 'फटफटी' म्हणून हिणवले, त्यावर बसून हिमालयाच्या खिंडी ओलांडण्याचे स्वप्न आज कारकुनाला पडते, शिक्षकाला पडते आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पडते. या स्वप्नाची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्या समाजातील तरुणांना दूरच्या डोंगरांची ओढ वाटेनाशी होते, त्या समाजाचे काहीतरी बिघडले आहे असे खुशाल समजावे. प्रश्न स्वप्नाचा नसून ते कागदावर कसे उतरते याचा आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला शेजारचा एक तरुण असाच एक कागद घेऊन माझ्याकडे आला. तो एका बँकेत नोकरीला आहे. त्याच्या दोघा मित्रांपैकी एक माध्यमिक शाळेत शिकवतो. "काका, तुम्ही जाऊन आलात, एकदा नजर टाका," एवढेच त्याचे म्हणणे होते. नऊ दिवसांची रजा आणि मागेपुढे जुळून आलेले सुट्टीचे तीन दिवस, असा एकूण बारा दिवसांचा तो बेत होता. पहिले दोन दिवस आगगाडीने चंडीगड. तिसऱ्या दिवशी मनाली. चौथ्या दिवशी सरचू. पाचव्या दिवशी लेह. सहाव्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा. सातव्या दिवशी पँगाँग सरोवर. आठव्या दिवशी पुन्हा लेह. नवव्या दिवशी केलाँग. दहाव्या दिवशी चंडीगड आणि उरलेले दोन दिवस परतीच्या आगगाडीचे. रोजचे किलोमीटर मांडले होते, पेट्रोलचा खर्च मांडला होता, मुक्कामाचे दर मांडले होते. बेरीज चोख होती. एक रकाना मात्र त्या कागदावर कोठेही नव्हता, आणि तो म्हणजे उंचीचा.

राहून गेलेला रकाना

तो रकाना आम्ही दोघांनी बसून भरला, तेव्हा त्या नीटनेटक्या कागदाचे रूपच पालटले. चंडीगड समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर. मनाली सुमारे २०५० मीटर. आणि सरचूचा मुक्काम सुमारे ४३०० मीटर. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर जे कळसूबाई, त्याची उंची १६४६ मीटर आहे. म्हणजे श्रीनगरसारखे सरोवराकाठी पसरलेले शहर जवळजवळ कळसूबाईच्या उंचीला आहे, आणि साडेतीन हजार मीटरवरचे लेह तिच्या दुपटीहून अधिक वर आहे. सह्याद्रीतल्या घाटांवर ज्याने उभी हयात गाडी चालवली, त्याला खंडाळ्याचे वळण न् वळण पाठ असेल; परंतु ज्या उंचीची येथे गोष्ट चालली आहे, तिची ओळख सह्याद्री कोणालाही करून देऊ शकत नाही.

लडाख हा शब्दच खिंडींवरून आला आहे. 'ला' म्हणजे खिंड. आणि या प्रदेशात शिरावयाचे तर कोणत्या ना कोणत्या 'ला'ची परवानगी घ्यावीच लागते. मनालीकडून जाणाऱ्याला बारालाचा ला ४८९० मीटरवर लागते, त्यानंतर नकी ला ४७३९ मीटरवर, लाचुलुंग ला ५०५९ मीटरवर आणि शेवटी तांगलांग ला ५३२८ मीटरवर. रोहतांगची खिंड टाळणारा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्याच्या नऊ किलोमीटर लांबीने मनाली ते लेह हे अंतर सुमारे ४६ किलोमीटरने कमी केले आणि हिमवर्षावातले अनेक तास वाचवले. ही मोठीच सोय झाली. परंतु तिची एक दुसरी बाजू आहे. रस्ता जेवढा सुधारतो, तेवढा माणूस लवकर वर पोचतो, आणि त्याच्या रक्ताला मात्र पूर्वीइतकाच वेळ हवा असतो. अभियंत्यांनी रस्त्याची लांबी कमी केली. देहाची सवय कमी दिवसांत व्हावी अशी युक्ती कोणी काढलेली नाही.

उंचीवर हवेतला प्राणवायू 'संपतो' असा एक समज आहे, तो बरोबर नाही. प्राणवायूचे प्रमाण येथेही शेकडा एकवीस आणि तेथेही शेकडा एकवीसच असते. उतरतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक छातीत जाणारा प्राणवायू घटतो. लेहमध्ये तो समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, तर तांगलांग ला किंवा खारदुंग ला यांच्या माथ्यावर जवळजवळ निम्मा. शरीर या टंचाईशी जुळवून घेते, पण सावकाश. श्वासाचा वेग वाढतो, मूत्रपिंडे रक्तातील रसायनांचा तोल नव्याने सांभाळू लागतात, आणि या सर्वाला दिवस लागतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण संकेत आहे. आमच्या तरुण मित्राचा चौथा दिवस त्याला एका उडीत मनालीहून सव्वादोन हजार मीटर वर नेऊन झोपवणार होता.

जवानाला चौदा दिवस, आपल्याला एक रात्र

या विषयात आपल्याच देशाने फार मोलाचे आणि फार महाग ज्ञान मिळवलेले आहे, याचा विसर पडू नये. १९६२च्या चीनबरोबरच्या संघर्षाच्या काळात सपाटीवरचे जवान अल्पावधीत हिमालयाच्या उंचीवर नेणे भाग पडले. त्या काळात आजारी पडलेल्या १९२५ जवानांचा अभ्यास इंद्र सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी केला, आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रबंध गिर्यारोहणाच्या वैद्यकात जगभर प्रमाण मानला गेला. अशा अनुभवांतून लष्कराने जी शिस्त घालून घेतली, ती साधी आहे. नऊ ते बारा हजार फुटांच्या टप्प्यात सहा दिवस. बारा ते पंधरा हजार फुटांच्या टप्प्यात आणखी चार दिवस. आणि पंधरा हजारांच्या वर जावयाचे असल्यास आणखी चार दिवस. हे दिवस निव्वळ वाट पाहण्याचे नसतात. आधी विश्रांती, मग सपाटीवरचे चालणे, मग थोडी चढण, असा त्यांचाही क्रम ठरलेला असतो.

म्हणजे ज्याची छाती मोजून, धावणे पाहून, वर्षानुवर्षे कवायत करवून निवड झाली आहे, त्या विशीतल्या जवानाला त्याचा देश चौदा दिवस देतो. आणि वर्षातून सहा महिने खुर्चीवर आणि उरलेले सहा महिने लोकलमध्ये उभे राहून काढणारा आपला कारकून स्वतःला एक रात्र देतो! लष्कराला वेळेची किंमत कळत नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. सीमेवर जाणाऱ्या शिपायाला जी घाई परवडत नाही, ती सहलीला जाणाऱ्या माणसाला कशी परवडते, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावा.

येथे एक स्वानुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. बोगदा होण्यापूर्वीची ही गोष्ट. आम्ही तिघे जण दोन मोटारसायकलींवर रोहतांग ओलांडून निघालो आणि वाटेत एकच मुक्काम करून सरचूच्या तंबूत येऊन पडलो. आमच्यात सर्वांत दणकट होता तो व्यायामशिक्षक. शाळेच्या मैदानावर मुलांच्या पुढे धावणारा हा गृहस्थ त्या संध्याकाळी जेवला नाही. डोके दुखते म्हणाला. रात्री दोनदा ओकला. आम्ही त्याला झोपून राहायला सांगितले, कारण आमच्या कागदावर दुसऱ्या दिवशी लेह लिहिलेले होते. "उद्या लेहला खाली उतरलो की बरं वाटेल," असे तो स्वतःच म्हणत होता. पहाटे तंबूबाहेर जाताना त्याचे पाय एका रेषेत पडेनात आणि बोलणे तुटक होऊ लागले, तेव्हा आमचे डोळे उघडले.

सरचूचा खरा सापळा तेव्हा ध्यानात आला. पुढे लेह खाली आहे खरे, परंतु मध्ये पाच हजार मीटरवरच्या दोन खिंडी उभ्या आहेत. मागे फिरावे, तर बारालाचा ला पुन्हा चढल्यावाचून उतार नाही. आजारी माणसाला खाली न्यावयाचे, तर आधी वर न्यावे लागते, अशी ती जागा आहे. मनालीकडे रिकामा परतणाऱ्या एका टँकरच्या चालकाने भाड्याचा शब्दही न काढता त्याला आपल्या शेजारी बसवले. केलाँगला पोचेपर्यंत तो बराचसा शुद्धीवर आला होता, आणि डॉक्टरांनी पुढचा धोका समजावून सांगितल्यावर आम्ही निमूटपणे घरची वाट धरली. त्याच्या आजाराचे कारण अशक्तपणा नव्हते. धडधाकट शरीर या आजारापासून संरक्षण देत नाही; उलट धडधाकट माणूस वेगाने चढतो आणि तक्रार उशिरा करतो. त्या रात्री आम्ही जे केले ते अज्ञानापोटी, असे म्हणून सुटता येईल. पण खरे सांगावयाचे तर कागदावरची तारीख आम्हाला मित्राच्या चेहऱ्याहून अधिक स्पष्ट दिसत होती.

बेत कसा आखावा

मग जाऊच नये काय? असे मुळीच नाही. जावे, पण बेताची मांडणी उलट्या टोकाने करावी. आपण आधी ठिकाणे ठरवतो, मग त्यांना दिवस वाटून देतो. पर्वतात आधी दिवस मोजावेत, त्यांतून विसाव्याचे आणि अडचणीचे दिवस बाजूला काढावेत, आणि जे उरतील त्यांत जेवढी उंची बसेल तेवढीच ठिकाणे घ्यावीत.

पहिला निर्णय वाटेचा. लेहला जाण्याच्या दोन प्रमुख वाटांपैकी श्रीनगरची वाट चढण्यासाठी अधिक दयाळू आहे. श्रीनगर सुमारे १५८५ मीटर, झोजी ला ३५२८ मीटर, मग कारगिलचा मुक्काम पुन्हा २६७६ मीटरवर. त्यानंतर नमिका ला आणि ४१०८ मीटरवरची फोतू ला ओलांडून लामायुरू व लेह. या वाटेवर माणूस उंच चढतो आणि खाली येऊन झोपतो. हाच तर या शास्त्राचा पहिला पाठ होय. मनालीची वाट परतीसाठी ठेवावी. तोवर शरीर तयार झालेले असते आणि सरचूची रात्र पूर्वीइतकी वैरीण राहत नाही.

दुसरा निर्णय आगगाडीचा. पुण्या-मुंबईहून लेह गाठावयाचे, तर दोन-अडीच हजार किलोमीटर पडतात. राजस्थान-पंजाबच्या उन्हात ते सारे अंतर गाडीवर कापण्यात पुरुषार्थ मानणारे पुष्कळ आहेत. परंतु त्यात जे दिवस आणि जी शक्ती खर्च होते, ती नेमकी वरच्या दिवसांतून वजा होते. मोटारसायकल रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोंदवता येते. टाकी रिकामी करून, कागदपत्रांच्या नकला जोडून आणि गोणपाटात नीट बांधून ती जम्मू किंवा चंडीगडला पाठवावी, आणि तीही आपल्या आधी दोन-चार दिवस, कारण पार्सल आपल्याच गाडीने येईल याची शाश्वती नसते.

लेहला पोचल्यावर दोन दिवस काही करू नये. हा सल्ला तरुणांना सर्वांत कडू लागतो. विमानाने येणाऱ्यांना तर तेथील प्रशासनच ४८ तास विश्रांती घ्यावयास सांगते. पाणी भरपूर प्यावे, मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य कराव्यात, बाजारातून सावकाश फिरावे. उंचीच्या आजारावर प्रतिबंधक औषध आहे, पण ते घ्यावयाचे की नाही हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. मित्राने दिलेली गोळी मित्राच्या भरवशावर घेऊ नये. औषध खाऊन चढण्याची घाई करणे म्हणजे छत्री मिळाली म्हणून पुरात उतरण्यासारखे आहे. डोकेदुखी असताना वर चढू नये. ती वाढली तर खाली उतरावे. आणि बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर सकाळची वाट न पाहता उतरावे. या आजारावर उतरण्याइतका गुणकारी उपाय दुसरा नाही.

वाहनाचा विचार त्यानंतर येतो, आणि आपल्याकडे तो सर्वांच्या आधी होतो हीच गंमत आहे. विरळ हवेत इंजिनालाही धाप लागते. घरी लिटरला तीस किलोमीटर देणारी गाडी चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पंचवीस तरी देईल की नाही याची खात्री नसते. तांदीचा पंप सोडल्यावर लेहच्या अलीकडच्या करूपर्यंत सुमारे सव्वातीनशे किलोमीटर पेट्रोलचा भरवसा धरू नये हे शहाणपणाचे. तेरा लिटरच्या टाकीवर हा हिशेब अगदी काठावर येतो, म्हणून पाच लिटर जवळ बाळगावेत. क्लच वायर, प्लग, ट्यूब, हवा भरण्याचा पंप आणि चेनचा जोड बरोबर असावेत. आणि निघण्यापूर्वी गल्लीतल्या मिस्त्रीसमोर बसून स्वतःच्या हाताने एकदा चाक काढून पंक्चर काढून पाहावे. ज्याने हे घराच्या अंगणात केले नाही, त्याच्या बोटांना ते पाच हजार मीटरवरच्या गारठ्यात जमणार नाही.

घड्याळाचेही एक गणित आहे. या रस्त्यांवरून वाहणारे नाले बर्फाच्या पाण्याचे असतात. सकाळी घोट्याएवढे असणारे पाणी ऊन तापले की दुपारनंतर गुडघ्यापर्यंत येते आणि तळाचे गोटे दिसेनासे होतात. म्हणून पहाटे निघावे आणि दुपारी मुक्काम गाठावा. खिंडीच्या माथ्यावर छायाचित्र काढण्यापुरते थांबावे. तेथे तासभर रेंगाळून काही साधत नाही.

आणि शेवटी राखीव दिवस. किमान दोन दिवस असे ठेवावेत, की ज्यांना कोणतेही नाव नाही. दरड कोसळते, बर्फ पडतो, लष्करी ताफ्यासाठी वाहतूक थांबते. ५ व ६ ऑगस्ट २०१०च्या मधल्या रात्री ढगफुटीने लेह परिसरात दोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला, ही घटना या कोरड्या प्रदेशात पाऊस पडत नाही असे समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. २०२५च्या एप्रिलमधील पहलगामचा हल्ला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील लेहमधला क्षोभ यांनीही अनेकांचे बेत एका रात्रीत मोडले. ज्याच्या कागदावर एकही मोकळा दिवस नाही, तो अशा वेळी एका दिवसात दोन दिवसांचा रस्ता तोडू पाहतो. आणि उतारावरच्या वळणावर थकवा आपला वाटा वसूल करतो.

हे सर्व मांडले तर श्रीनगरने जाऊन मनालीने परतण्याच्या एका साध्या फेरीला, वाटेत नुब्राचा एक मुक्काम धरून, अठरा दिवस लागतात. आमच्या मित्राकडे बारा होते.

साहस आणि हिशेब

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. इतके मोजून मापून जावयाचे, तर त्यात साहस ते काय उरले? आयुष्यभर हजेरीपटावर सह्या करणाऱ्या माणसाने डोंगरातही वेळापत्रकच पाळावयाचे काय? या प्रश्नामागची तळमळ खरी आहे. पण साहस आणि बेफिकिरी यांत जो भेद आहे, तो याच पर्वतांनी आपल्याला शिकवला आहे. १९४८च्या सप्टेंबरमध्ये झोजी ला सर करण्याचा आपल्या सैन्याचा प्रयत्न फसला. त्यानंतर काय झाले? बालतालपासूनची खेचरांची वाट अभियंत्यांनी रुंद केली, रणगाडे त्यांचे बुरूज उतरवून झाकून गुप्तपणे वर आणले गेले, आणि १ नोव्हेंबर १९४८ रोजी साडेअकरा हजार फुटांवर अचानक रणगाडे पाहून शत्रूची फळी मोडली. जनरल थिमय्यांच्या त्या विजयाला साहस म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे? पण त्या साहसाचा पाया कुदळ-फावड्याने आणि हिशेबाने घातला होता. नियोजनाने साहस उणे होत नाही. नियोजन जेथपर्यंत पोचते, त्याच्या पलीकडे जे अनपेक्षित उरते, त्याला सामोरे जाण्याचे बळ मात्र नियोजनानेच शिल्लक राहते.

ठिकाणांच्या उंचीविषयीचा आपला हव्यासही तपासून पाहण्यासारखा आहे. खारदुंग ला येथे कित्येक वर्षे १८,३८० फूट अशी पाटी झळकत होती आणि तिच्यासमोर उभे राहून छायाचित्र घेणे ही लडाखयात्रेची सांगता मानली जाई. प्रत्यक्ष मोजणीत ती खिंड सुमारे ५३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर भरते. पुढे उमलिंग ला येथील १९,०२४ फुटांवरच्या रस्त्याची २०२१ मध्ये विक्रम म्हणून नोंद झाली, आणि तरुणांची रांग तिकडे वळली. पाटीवरचा आकडा बदलला म्हणून डोंगर बदलला नाही; पण आपण डोंगर पाहावयास जातो की आकडा, हे त्यातून उघड झाले.

शिवाय हा जीव केवळ आपलाच नसतो. 'माझा धोका मी पत्करतो' हे वाक्य डोंगरात खरे ठरत नाही. आपण कोसळलो, की कोणीतरी आपला ट्रक थांबवतो, कोणीतरी लष्करी डॉक्टर रात्री उठतो, कोणीतरी आपली खाट रिकामी करून देतो. लेहचे सरकारी रुग्णालय ज्या सोनम नोर्बूंच्या नावाने ओळखले जाते, त्या लडाखी अभियंत्याने १९४८ मध्ये लेहची धावपट्टी तयार करवून घेतली आणि लडाख वाचवण्यात आपला वाटा उचलला. त्या रुग्णालयातील खाटा प्रथम तेथील माणसांच्या आहेत. आणि ज्या डांबरी रस्त्यावरून आपण ऐटीत जातो, तो रस्ता १९६० मध्ये स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेने बांधला आणि राखला असला, तरी त्यावर वाकून खडी पसरणारे हात पुष्कळदा झारखंडच्या दुमका भागातून आलेल्या मजुरांचे असतात. तेही सपाटीवरचेच लोक. डांबराच्या धुरात, तोंडाला फडके बांधून ते महिनोन् महिने त्या विरळ हवेत राबतात, आणि त्यांच्या मुक्कामाच्या उंचीचा रकाना कोणी कौतुकाने भरत नाही. त्यांच्याजवळून जाताना गाडीचा वेग कमी करण्याएवढे भान आपल्याला असावे.

प्रश्न रजेचाही आहे

आता ज्या वाचकांसाठी हे लिहीत आहे, त्यांच्या अडचणीकडे येतो. शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांना अठरा दिवस आणावयाचे कोठून? कचेरीत एका माणसाने सलग तीन आठवडे रजा मागितली, तर वरिष्ठांच्या कपाळाला आठी पडते. साठलेली रजा निवृत्तीच्या वेळी रोखीत मिळावी म्हणून आपणही ती कंजूषपणे जपतो. मग जे नऊ दिवस हाती लागतात, त्यांत आयुष्यभराची हौस कोंबण्याचा प्रयत्न होतो. या प्रवासातील पुष्कळ दुर्दैवांचे मूळ, माझ्या मते, तरुणांच्या उतावळेपणाइतकेच या आखूड रजेत आहे. माणसाला वर्षातून एकदा सलग आणि निर्वेध रजा मिळणे ही चैन नाही, हे आपल्या संस्थांना केव्हातरी पटावे लागेल. तोपर्यंत उपाय एकच. रजा लांबवता येत नसेल, तर उंची कमी करावी.

बारा दिवसांत कारगिलपर्यंत जाऊन सुरू नदीचे खोरे पाहता येते. बारा दिवसांत मनालीहून बोगद्यापलीकडच्या लाहौलमध्ये, केलाँग-जिस्पाच्या तीन हजार मीटरच्या आसपास चार निवांत मुक्काम करता येतात, आणि तेथून एखाद्या सकाळी बारालाचा लाच्या दिशेने जाऊन, अंग साथ देईल तेथून परत फिरता येते. लेह पुढच्या वर्षी आहेच. लेह कोठे पळून जात नाही.

आमच्या त्या तरुण मित्राने कागद घडी करून खिशात घातला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची निराशा मला दिसली होती. जून महिन्यात ते तिघे लाहौलला जाऊन आले. जिस्पाला दुसऱ्या रात्री शिक्षक मित्राचे डोके दुखू लागले, तेव्हा त्यांनी पुढचा दिवस भागा नदीच्या काठी बसून काढला; तिसऱ्या दिवशी तो बरा होऊन उठला. बारालाचा लाच्या माथ्यापर्यंत ते पोचले नाहीत. अलीकडेच एका नाल्याला पाणी चढलेले दिसले, दुपार टळत आली होती, आणि ते वळले. परतल्यावर त्याने मला जे सांगितले, ते जास्त करून त्या नदीकाठच्या दिवसाविषयी होते.

आता त्याने पुढच्या वर्षीचा नवा कागद केला आहे. त्यावर अठरा दिवस आहेत, आणि साहेबांच्या सहीची जागा अजून कोरी आहे. मात्र तारखेच्या शेजारचा पहिला रकाना उंचीचा आहे. ती सही त्याला मिळावी, आणि त्याच्यासारख्या इतरांनाही मिळावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ती न मिळाली, तर जेवढी रजा हाती असेल तेवढीच उंची गाठून सुखरूप घरी येण्यात कोणताही कमीपणा नाही, एवढे मात्र त्याला आता कोणी शिकवावयास नको.